चर्चच्या संकेतस्थळाची कायदेशीर पाने : लिहिण्याआधीची तयारी

चर्चच्या संकेतस्थळासाठी गोपनीयता धोरण आणि वापराच्या अटी लिहिण्याची जबाबदारी अंगावर आली, की बहुतेक जण आधी दुसऱ्या कुणाचा तरी नमुना शोधू लागतात. तो मोह आवरावा. दुकानाचा नमुना जसाच्या तसा उतरवून घेतल्यामुळे ‘माल परत करण्याची मुदत’ हे कलम एका मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायाच्या, पानावर कितीतरी दिवस सुखाने नांदताना मी पाहिले आहे. त्याचे हसू येते, पण खरी अडचण निराळी होती : त्याच पानावर प्रार्थनेच्या विनंत्यांबद्दल एक अक्षरही नव्हते. धोरण म्हणजे मंडळी प्रत्यक्षात जे करते त्याचे लेखी निवेदन असते, त्यामुळे ती नेमके काय करते हे शोधून काढण्यातच तयारीचे निम्म्याहून अधिक काम असते.

त्यासाठी संकेतस्थळ अनोळखी पाहुण्याच्या नजरेने पानोपान उघडावे आणि जिथे कुणी काही भरते किंवा नकळत काही देऊन जाते, ती प्रत्येक जागा वहीत टिपून घ्यावी. संपर्काचा फॉर्म, प्रार्थनेची विनंती, वार्तापत्राची नोंदणी, शिबिराचा आणि संडे स्कूलचा अर्ज, देणगीचे पान ही नावे लगेच आठवतात. राहून जातात त्या न दिसणाऱ्या जागा : पानात बसवलेला उपासनेचा यूट्यूब व्हिडिओ, नकाशा, भेटी मोजणारे साधन, आणि बाहेरच्या सर्व्हरवरून येणारा फॉन्ट. फॉन्टची बाब क्षुल्लक वाटेल, पण गूगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट येताना पाहुण्याचा आयपी पत्ता (इंटरनेटवर त्याचे उपकरण ओळखणारा क्रमांक) त्याच्या संमतीविना तिकडे पोहोचतो, या कारणावरून म्युनिकच्या न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये एका संकेतस्थळाच्या चालकाला 100 युरो भरपाई द्यायला लावली होती. फॉन्टची फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवली की धोरणातले एक वाक्य कमी होते.

टिपलेल्या प्रत्येक जागेपुढे पाच गोष्टी लिहाव्यात : आपण काय घेतो, कशासाठी घेतो, ते कुठे जाऊन पडते, कोण वाचते आणि कधी पुसले जाते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कुणाला तोंडी विचारून लिहू नये. स्वतः फॉर्म भरून पाठवावा आणि तो कुठे उगवतो ते पाहावे. दोन वर्षांपूर्वी काम सोडलेल्या स्वयंसेवकाच्या खासगी मेलवर आजही प्रत्येक अर्जाची प्रत जाते, असे आढळले तर त्यात नवल नाही. मात्र धोरण लिहिण्याआधी ती प्रत बंद करावी.

यानंतर कायदा. मंडळी ज्या देशात नोंदलेली आहे तिथला कायदा तर लागू होतोच, शिवाय सभासद जिथे राहतात तिथलाही काही वेळा लागू होऊ शकतो. म्हणून दोन्हींची यादी करून ती वकिलापुढे ठेवावी. चर्चच्या बाबतीत एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी लागते. दुकानाच्या ग्राहकयादीतून माणसाची श्रद्धा कळत नाही. मंडळीच्या यादीत नुसते नाव असले तरी ती कळते. युरोपीय संघाच्या जीडीपीआर या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या नियमावलीचे, जी 25 मे 2018 पासून लागू आहे, कलम 9 धार्मिक श्रद्धेची माहिती विशेष संरक्षणाच्या वर्गात घालते. धार्मिक उद्देशाच्या ना-नफा संस्थांना तिथे सवलत आहे, पण ती सभासद, माजी सभासद आणि संस्थेच्या नित्य संपर्कातील व्यक्तींपुरती आहे, आणि संमतीविना माहिती संस्थेबाहेर जाणार नाही या अटीवर आहे. संकेतस्थळावर टाकलेले नाव तर सगळ्या जगासाठी बाहेर गेलेले असते. हा मुद्दा पुस्तकी नाही. स्वीडनमधल्या एका चर्च-स्वयंसेविकेने आपल्या सहकाऱ्यांची ओळख करून देणारी साधी पाने तयार केली, आणि एकीच्या पायाला दुखापत झाल्याने ती अर्धवेळ रजेवर आहे असे त्यात लिहिले. 6 नोव्हेंबर 2003 रोजी युरोपीय न्यायालयाने ठरवले, की हेदेखील व्यक्तिगत माहितीवरचे काम आहे, पायाची दुखापत ही आरोग्याची माहिती आहे, आणि घरगुती वापराची सवलत या पानांना मिळत नाही. तो निकाल आधीच्या कायद्याखालचा आहे, परंतु कुणाच्याही मनात दुष्टावा नसताना काय घडू शकते ते त्यातून स्पष्ट दिसते.

प्रार्थनेच्या विनंतीच्या फॉर्मवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण माझ्या मते संकेतस्थळावरची सर्वांत नाजूक जागा तीच आहे. ‘माझ्या भावजयीच्या गाठीचा रिपोर्ट सोमवारी येणार आहे, घरात अजून कुणाला सांगितलेले नाही, प्रार्थना करा’ एवढी ओळ कुणी भरली, की त्या ओळीत जिचा आजार आहे ती बाई फॉर्मजवळ फिरकलेलीही नसते. तिची संमती कुणी विचारलेली नसते. विनंती पाठवणाऱ्याला वाटते, हे फक्त पाळक वाचतील. प्रत्यक्षात ती प्रार्थना गटाच्या व्हॉट्सॲपवर जाते, रविवारच्या पत्रकात छापली जाते, आणि त्या पत्रकाची पीडीएफ संकेतस्थळावर चढली, की शोधयंत्रात तिचे नाव टाकणाऱ्या कुणालाही सापडते. म्हणून धोरणाचा मसुदा बाजूला ठेवून आधी फॉर्मच बदलावा : ‘फक्त पाळकांसाठी’ आणि ‘प्रार्थना गटासाठी’ असे दोन पर्याय द्यावेत, दुसऱ्याचे पूर्ण नाव व आजाराचा तपशील लिहू नये अशी सूचना रकान्याच्या वरच द्यावी, आणि जुन्या पत्रकांच्या पीडीएफ तपासून काढून टाकाव्यात. किती दिवसांनी विनंत्या पुसल्या जातील, तो आकडा पंचांच्या सभेत ठरवून घ्यावा. लिहिणाऱ्याने तो मनाने घालू नये. त्याच फॉर्मजवळ आणखी एक वाक्य हवे. इथे लिहिलेले पापांगीकारात (पाळकांपाशी गुप्तपणे दिलेल्या पापांच्या कबुलीत) मोडत नाही, आणि जिवाला धोका असेल तर तातडीच्या सेवेलाच फोन करावा, हे तिथे ठळक अक्षरांत असावे, कारण रात्री दोन वाजता भरलेला फॉर्म सकाळी दहापर्यंत कुणी उघडत नाही.

मुलांची माहिती हा दुसरा जड विषय. संमतीचे वय देशागणिक बदलते : जीडीपीआरमध्ये ऑनलाइन सेवांसाठी ते 16 असून सदस्य राष्ट्रांना 13 पर्यंत खाली आणता येते, अमेरिकेचा मुलांविषयीचा ऑनलाइन कायदा 13 वर्षांखालील मुलांचा विचार करतो, तर भारताच्या व्यक्तिगत माहितीविषयीच्या 2023 च्या कायद्यात 18 पूर्ण होईपर्यंत व्यक्ती बालकच असते. इतक्या फरकात न अडकता मुलाचा कोणताही अर्ज पालकानेच भरावा असा नियम करणे सोपे पडते. नाताळच्या नाटिकेचे फोटो चढवण्यापूर्वी पालकांची लेखी परवानगी आहे का, ती मंडळीच्या भिंतीपुरती आहे की संकेतस्थळासाठीही, आणि फोटोखाली नाव येते का, हे तपासावे. नाव देऊ नये. थेट प्रक्षेपणाचा कॅमेरा कुठल्या रांगा दाखवतो ते दाराशीच लिहावे आणि न दिसता बसता येईल अशी एक बाजू राखून ठेवावी.

माहिती पुसून टाकण्याचा हक्क लिहिताना बाप्तिस्म्याची नोंदवही आठवावी. ‘मागितल्यास आम्ही आपली सर्व माहिती नष्ट करू’ हे वाक्य नमुन्यांत सर्रास असते, आणि चर्चला ते बहुधा पाळता येत नाही, कारण ती वही एका घडलेल्या प्रसंगाची नोंद म्हणून कायम ठेवायची असते. माहिती-संरक्षणाचा कायदा पाळला जातो की नाही हे पाहणाऱ्या सरकारी नियामकांचेही यावर एकमत नाही : 2023 मध्ये आयर्लंडच्या नियामकाने अशा नोंदी ठेवण्याची चर्चची भूमिका मान्य केली, तर त्याच वर्षाच्या अखेरीस बेल्जियमच्या नियामकाने गेंटच्या धर्मप्रांताविरुद्ध निर्णय दिला. तेव्हा कोणत्या नोंदी पुसता येतात आणि कोणत्या वहीत फक्त समासात शेरा मारता येतो, हे वेगवेगळे आणि प्रामाणिकपणे लिहावे.

देणगीच्या पानासाठी पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचे नाव, कार्डाचे आकडे मंडळीच्या सर्व्हरवर येतात की नाहीत, पावती आणि हिशेबासाठी नोंद किती वर्षे ठेवावी लागते, आणि चुकून दोनदा गेलेली रक्कम परत कशी मिळेल, एवढे खजिनदाराकडून लिहून घ्यावे. देणगीदारांची नावे भिंतीवर लावण्याची प्रथा असेल, तर ती पानावर येणार नाहीत हेही ठरवावे.

वापराच्या अटींत मालकी हक्काचा भाग दुर्लक्षिला जातो. गायनाचा परवाना उपासनेपुरता असेल तर प्रक्षेपण त्यात येतेच असे नाही. अमेरिकेच्या कायद्यात उपासनास्थळी उपासनेदरम्यान गाण्याला सवलत आहे, पण तीच उपासना इंटरनेटवर दाखवली की ती सवलत पुरत नाही. बायबलच्या आधुनिक भाषांतरांवरही हक्क असतात, म्हणून वापरलेल्या आवृत्तीच्या प्रकाशकाची अट पाहून श्रेयाची ओळ घ्यावी. प्रवचने कुणाच्या मालकीची, पाळकांच्या की मंडळीच्या, हे विचारताना जरा अवघडल्यासारखे होते. तरी पाळकांची बदली होण्यापूर्वीच विचारलेले बरे. कुकीचे (संकेतस्थळ पाहुण्याच्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदींचे) पान भेटी मोजणारे साधन काढून टाकल्यास दोन ओळींत आटोपते, आणि मंडळीला त्या आकड्यांचा उपयोग क्वचितच असतो.

माहिती फुटल्यास काय करायचे, हे आतल्या वापरासाठी एका कागदावर लिहून ठेवावे. जीडीपीआरखाली व्यक्तींना धोका संभवत असेल तर घटना समजल्यापासून 72 तासांत नियामकाला कळवावे लागते, आणि ‘माझी कोणती माहिती आहे’ असे विचारणाऱ्याला सर्वसाधारणपणे महिन्याभरात उत्तर द्यावे लागते. त्यामुळे संपर्कासाठी व्यक्तीच्या नावाचा मेल न देता पदाचा द्यावा, आणि त्या मेलची किल्ली किमान दोघांकडे असावी.

एवढे हाती आले की मसुदा लिहायला दोन संध्याकाळी पुरतात. तो सभासदांच्या रोजच्या भाषेत लिहावा, मंडळीतल्या एखाद्या वयस्क व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवावा, ती जिथे थांबून ‘म्हणजे काय?’ विचारेल तिथे वाक्य बदलावे, मग वकिलाची नजर आणि पंचांची मंजुरी घेऊन तळाशी अंमलाची तारीख घालावी. दाराजवळच्या टेबलावर ठेवलेले छापील पाहुणा-कार्डही विसरू नये. त्यावरची नावे आणि फोन क्रमांक सोमवारी कुणीतरी संगणकात चढवतेच, तेव्हा धोरणातल्या मुख्य दोन ओळी आणि त्या पानाचा पत्ता त्या कार्डावरही छापून घ्यावा.