ब्रिटनमधल्या जुन्या वास्तूत राहायचं? आधी नकाशा बघा

ब्रिटनच्या खेड्यांत सुट्टीसाठी साधं कॉटेज घेण्याऐवजी एखादा जुना मनोरा किंवा किल्ला भाड्याने घ्या, असं मी आवर्जून सांगेन. १९६५ साली स्थापन झालेली लँडमार्क ट्रस्ट ही संस्था पडझड झालेल्या ऐतिहासिक वास्तू दुरुस्त करून पर्यटकांना राहायला देते. भाड्याचे पैसे त्यांच्या देखभालीला जातात, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

मात्र फोटोंवर भाळून बुकिंग करू नका. वेबसाइटवरचा मजल्यांचा नकाशा नीट वाचा. सफोकमधला फ्रेस्टन टॉवर सहा मजली आहे, एकावर एक खोल्या आणि गोल जिना. स्कॉटलंडमधल्या डनमोरच्या ‘पाइनॅपल’मध्ये, म्हणजे डोक्यावर दगडी अननस असलेल्या त्या अठराव्या शतकातल्या वास्तूत, एका भागातून दुसऱ्या भागात जायला बाहेर पडावं लागतं. पावसात, रात्रीसुद्धा! आई-बाबा भारतातून आले असतील आणि गुडघे कुरकुरत असतील, तर वॉरिकशरचा ॲस्टली कॅसल बघा: पडक्या भिंतींच्या आत आधुनिक घर आहे. तिथेही झोपायच्या खोल्या आणि बाथरूम कोणत्या मजल्यावर आहेत, ते आधी तपासाच.

भाडं माणशी नसून संपूर्ण वास्तूचं असतं, म्हणून दोन कुटुंबांनी मिळून घेतलं तर परवडतं. हिवाळ्यात, आठवड्याच्या मधल्या दिवसांत दर बरेच उतरतात. टीव्ही नसतो. मसाल्याचा डबा मात्र सोबत न्या, स्वयंपाकघर असतंच.