जवळजवळ फुकटात ईसीजीचा संगणकीय धडा कसा बनवावा

वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी संगणकावर धडा करायचा म्हटलं की लोक आधी सॉफ्टवेअर शोधायला बसतात. त्याआधी एक नेमका प्रश्न ठरवा. ‘हृदयाच्या लयीचे विकार’ एका धड्यात मावणार नाहीत. ‘नियमित लय, मिनिटाला १५० ठोके, काय असेल?’ एवढं मात्र छान मावतं.

प्रश्न आणि तीन-चार पर्याय कागदावर लिहा. मग खरी मेहनत चुकीच्या पर्यायांवर घ्या. समजा, विद्यार्थ्याने ‘सायनस टॅकिकार्डिया’ (नेहमीचीच लय, फक्त वेगवान) निवडलं. तिथे नुसती लाल फुली नको. त्याला हे दिसू दे: ‘कागदाचा वेग सेकंदाला २५ मिमी. दोन आर लाटांत (ठोक्यांच्या उंच टोकांत) दोन मोठे चौकोन, म्हणून ३०० भागिले २, म्हणजे १५०. रुग्ण अर्धा तास शांत पडून आहे, तरी वेग जागचा हलत नाही. आता लीड २, ३ आणि एव्हीएफ या पट्ट्यांमध्ये करवतीचे दात दिसतात का बघ.’ दात दिसले की एट्रियल फ्लटर हा लयीचा विकार त्याचा त्यालाच सापडतो: हृदयाचे वरचे कप्पे मिनिटाला ३००च्या आसपास, आणि खाली पोचतो दर दुसरा ठोका.

चित्रांसाठी विकिमीडिया कॉमन्स हा मुक्त चित्रांचा ऑनलाइन साठा बघा. प्रत्येक चित्राच्या पानावर परवाना लिहिलेला असतो. तो वाचा आणि श्रेय द्या.

रुग्णाचा ईसीजी वापरणार असाल तर त्याची संमती आणि संस्थेची परवानगी आधी. मग नाव काढा, पण नीट. मी एकदा स्लाइडमध्येच नावाची पट्टी क्रॉप करून निर्धास्त झालो होतो. एका विद्यार्थ्याने क्रॉपची चौकट ओढली आणि आख्खं नाव बाहेर! स्लाइडमधलं क्रॉप कडा फक्त झाकतं. म्हणून गिंप या चित्र-संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चित्र कापून नवी पीएनजी करा, आणि तीच स्लाइडवर टाका. मोबाइलच्या फोटोत तारीख आणि जागाही दडलेली असू शकते; पीएनजी करतानाच मेटाडेटा (ही दडलेली माहिती) साठवण्याच्या पर्यायांपुढच्या टिकच्या खुणा काढून टाका.

जोडणीला लिबरऑफिस इम्प्रेस हे स्लाइड बनवायचं सॉफ्टवेअर पुरतं, तेही मोफत. प्रश्नाची एक स्लाइड, प्रत्येक पर्यायाच्या उत्तराची एकेक. पर्यायाचा चौकोन निवडून ‘इंटरॅक्शन’मध्ये त्याची स्लाइड जोडा. चुकीच्या उत्तरावरून प्रश्नाकडे परतायचं बटणही ठेवा. आणि स्लाइड शोच्या सेटिंग्जमध्ये पार्श्वभूमीवर क्लिक करून पुढे जाण्याची सोय बंद करा. हे राहिलं तर बाहेर कुठेही क्लिक केलं की पुढची स्लाइड, म्हणजे फुकटात उत्तर.

आवाज? पहिल्या धड्यात नकोच. एक वाक्य बदललं तरी सगळं पुन्हा बोलावं लागतं.

तयार झालं की दोन विद्यार्थ्यांना संगणकासमोर बसवा आणि मागे गप्प उभे राहा. समजावायची खूप इच्छा होईल, ती दाबा. माझ्या पहिल्या चाचणीत दोघांनीही पर्यायांना हात न लावता ईसीजीवरच क्लिक केलं. त्यांना पट्टी मोठी करून बघायची होती. त्या रात्री मी एकच स्लाइड वाढवली: लीड २ची पट्टी, पडदाभर.