बुटांचा आकार टिकवणारा शू ट्री: निवडायचा कसा, घालायचा कसा

ऑफिसातून घरी आलं की बूट काढायचे आणि रॅकवर सरकवून मोकळं व्हायचं, ही बहुतेकांची रीत. पण बुटाचं नुकसान फक्त पायात असताना नाही, काढून ठेवल्यावरही होतं. दिवसभराच्या घामाने अस्तर आणि चामडं दमट झालेलं असतं, पायाच्या उबेने मऊ पडलेलं असतं. अशा अवस्थेत चामडं वळवाल तसं वळतं, आणि वाळताना ज्या आकारात असेल तोच आकार धरतं. चवड्यापाशी पडलेल्या चुण्यांसकट बूट वाळला, तर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच मोडतो. हे रोज होत राहिलं की एक दिवस त्या घडीत चीर दिसते.

या वाळण्याच्या तासांमध्ये बुटाला आतून धरून ठेवणारं साधन म्हणजे शू ट्री. कारखान्यात बूट फरम्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, चढवून तयार होतो. शू ट्री ही त्याच फरम्याची हलकी, लांबी-रुंदी बदलणारी आवृत्ती. आता हे ऑनलाइन सहज मिळतं, पण घेताना लोक लाकडाच्या वासावर भुलतात आणि मापाकडे बघत नाहीत. खरं तर उलट करायला हवं.

कोणता घ्यायचा

सगळ्यात स्वस्त प्रकारात पुढे प्लास्टिकचा पंजा, मागे छोटा गोळा आणि मध्ये वाकणारी स्टीलची पट्टी किंवा स्प्रिंग असते. यात अडचण अशी की पट्टीचा सगळा जोर टाचेच्या एकाच बिंदूवर येतो. रोज रात्रभर हा गोळा तिथे रुतत राहिला की टाचेचा कडक भाग बाहेर फुगतो आणि बूट चालताना निसटायला लागतो. प्रवासात दोन दिवस वापरायला ठीक. घरी रोज नको.

रोजच्या वापरासाठी लाकडी घ्या. त्याचा पंजा मधून चिरलेला असतो आणि आतल्या स्प्रिंगमुळे तो रुंदीत उघडतो. पंजा आणि टाच यांच्यामध्ये धातूची एक किंवा दोन नळ्यांची जोडणी असते, तीही स्प्रिंगवर लांबीत कमीजास्त होते. दोन नळ्यांचा असेल तर ताण सरळ रेषेत पडतो, पंजा आत फिरत नाही. टाचेचा भाग मात्र भरीव आणि रुंद हवा, बुटाच्या टाचेत पूर्ण टेकणारा. पैसे मोजायचे ते या टाचेसाठी.

लाकूड कोणतं? बाजारात ‘सीडर’ म्हणून जे सुवासिक लालसर लाकूड मिळतं ते बहुतेक वेळा अमेरिकेतलं रेड सीडर असतं. गंमत म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते जुनिपर आहे. आपला हिमालयातला देवदार मात्र खरा सीडर. वास छान येतो, कुबटपणा झाकला जातो, पण आकार राखण्याचं काम बीच नावाच्या झाडाचं साधं लाकूडही तितकंच करतं. एवढंच बघा की लाकडावर वॉर्निश नसावं. चकचकीत पॉलिश केलेलं लाकूड ओल शोषत नाही.

माप

आपल्याकडे बुटांवर बहुधा यूके नंबर असतो आणि शू ट्रीवर बऱ्याचदा युरोपियन, तोही ‘४१-४२’ असा जोडीने. यूके ८ म्हणजे ढोबळमानाने युरोपियन ४२. यूकेच्या एका नंबरात सुमारे 8.5 मिलिमीटरचा फरक असतो, युरोपियन नंबरात सुमारे 6.7 मिलिमीटरचा. म्हणजे दोन्ही पट्ट्या एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत, आणि तुमचा नंबर दोन मापांच्या मध्ये अडकू शकतो. तसं झालं तर लहान माप घ्या. लहान शू ट्री थोडं कमी काम करेल, मोठा मात्र बूट बिघडवेल. तुमचे बूट निमुळत्या नाकाचे असतील तर पंजाही निमुळता हवा.

घालायचा कसा

१. बूट काढताना लेस पूर्ण सैल करा. लेस न सोडता एका पायाने दुसऱ्याची टाच दाबून बूट काढायची सवय असेल, तर शू ट्रीवर खर्च करण्यात अर्थ नाही.

२. ब्रशने धूळ झाडा. आतला सुटा इनसोल असेल तर काढून वेगळा वाळत ठेवा. आतली वाफ जायला पाच-दहा मिनिटं द्या, पण बूट गार होऊन कडक होईपर्यंत थांबू नका.

३. शू ट्रीचा पंजा बोटांनी मिटून धरा आणि थोडा तिरका करून बुटात सरकवा. बुटाची जीभ आत दुमडली जात नाही ना, हे बघा. आत दुमडलेली जीभ रात्रभरात तशीच बसते आणि सकाळी पायाला टोचते.

४. पंजा नाकाच्या टोकापर्यंत पोचला की टाचेचा भाग पुढे दाबून स्प्रिंग आवळा आणि खाली सोडा. टाच आपसूक मागे जाऊन टेकते. बुटाचं मागचं तोंड बोटाने धरून ठेवलंत तर ते चुरगळत नाही.

५. आता बाहेरून नीट न्याहाळा. चवड्यावरच्या चुण्या उघडलेल्या, पण सपाट ताणलेल्या नाहीत, अशी स्थिती हवी. बुटाच्या दोन्ही बाजू तोंडापाशी फाकल्या असतील, कडेची शिवण ताणून टाके दिसायला लागले असतील किंवा टाच मागे फुगली असेल, तर ताण जास्त आहे. स्क्रूवाला शू ट्री असेल तर एक-दोन आटे सैल करा. स्प्रिंगवाला असूनही हे होत असेल तर माप चुकलंय. दुकानदाराला परत द्या.

६. रात्रभर राहू द्या. चामड्याच्या बुटाला पुन्हा घालण्याआधी एक दिवसाची सुट्टी मिळाली तर सगळ्यात उत्तम. म्हणूनच रोज तोच जोड घालण्यापेक्षा दोन जोड आलटून पालटून घातलेले परवडतात.

पॉलिश करतानाही शू ट्री आतच असू द्या. चुण्या उघडलेल्या असल्या की क्रीम त्यांच्यात साचून पांढरी रेघ पडत नाही आणि ब्रशला खालून आधार मिळतो.

प्रत्येक जोडाला वेगळा शू ट्री हवा असं विक्रेते सांगतील. गरज नाही. त्याचं मुख्य काम पहिल्या दिवसभरात होऊन जातं. आज घातलेल्या बुटात तो ठेवा, आणि उद्या त्यातून काढून उद्याच्या बुटात घाला. नंबर सारखा असेल तर दोन-तीन जोडांमागे एक पुरतो.

पावसात भिजलेला बूट

मुंबई-कोकणात हा प्रश्न चार महिने सुटत नाही. चिंब बुटात लगेच शू ट्री कोंबू नका. ओलं चामडं ताणलं की ताणलेलंच राहतं. आधी वर्तमानपत्राचे सैल बोळे भरा आणि ते भिजले की बदला. आतलं अस्तर फिक्या रंगाचं असेल तर शाई लागते, तिथे साधा कोरा कागद किंवा जुनं बनियन वापरा. बूट आडवा ठेवा म्हणजे सोलही सुकतो. पंख्याखाली चालेल, पण ऊन, हीटर, हेअर ड्रायर यांच्या वाटेला जाऊ नका, चामडं तडकतं. बूट नुसता दमट राहिला की मग शू ट्री घाला, तोही कमी ताणावर.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट: बंद कपाटात महिनाभर ठेवलेल्या शू ट्रीलाच बुरशी येते आणि तीच बुटात जाते. आठवड्यातून एकदा दोन्ही बाहेर काढून वारा लागू द्या. आणि न वापरता ठेवलेल्या बुटाचा पीयू (पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा) सोल भुगा होऊन गळायला लागला, तर शू ट्रीला दोष देऊ नका. दमट हवेत तो सोल रासायनिक क्रियेने आपोआप मोडतो, आकाराशी त्याचा संबंध नाही.

कापडी स्पोर्ट्स शूजना हे साधन फारसं लागत नाही. कोल्हापुरी चपलेला तर मुळीच नाही, ती पायावरच बसते. लग्नात घेतलेल्या मोजडीत कागदाचे बोळे पुरेत. मोजडी बहुधा सरळ घाटाची असते, डाव्या-उजव्या आकाराचा पंजा तिला वाकडं करतो.

शू ट्री आणि स्ट्रेचर

मागे मूठ आणि लांब स्क्रू असलेलं, दिसायला असंच एक साधन मिळतं. तो स्ट्रेचर. त्याचं काम आकार टिकवण्याचं नाही, घट्ट बूट रुंद करण्याचं. चवड्याला बूट चावत असेल तर त्या जागी आतून चामडं मऊ करणारा स्ट्रेच स्प्रे मारा, स्ट्रेचर घट्ट लागेपर्यंत मूठ फिरवा, वर फक्त अर्धा-एक फेरा द्या आणि एक दिवस थांबून घालून बघा. कमी पडलं तर पुन्हा. रुंदीत थोडा फरक पडतो, लांबीत जवळजवळ नाही. रेक्झिनचे बूट काही वेळाने परत आकसतात, तिथे मेहनत वाया. काम झालं की स्ट्रेचर काढून ठेवा.

लाकडी शू ट्रीचा वास वर्ष-दोन वर्षांत उतरला तर बारीक पॉलिश पेपरने वरवर घासा, 220 नंबरचा चालेल. भुसा झटका, कोरड्या फडक्याने पुसा. तेल किंवा वॉर्निश लावायचं नाही. धातूच्या नळीवर गंज दिसला तर तो आधी काढा, नाहीतर त्याचे डाग अस्तरावर उतरतात.