पाळणाघर शोधण्याआधी कंपनीला विचारा

बाळंतपणाच्या रजेवरून भोसरीतल्या कारखान्यात परतले, तेव्हापासून नव्या आयांना मी एकच सांगते: आधी नेमणूकपत्र काढून पाळणाघराबद्दल काय लिहिलंय ते वाचा. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने आलेल्या आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत असलेल्या नियमानुसार ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय द्यावीच लागते, आणि या ५० मध्ये पुरुषही मोजतात. आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाता येतं. विश्रांतीची सुट्टी त्यातच धरतात. एचआरला तोंडी विचारू नका, ईमेल करा. बाळाची जन्मतारीख, तुमची शिफ्ट लिहा आणि जवळच्या पाळणाघराशी कंपनीचा करार आहे का, ते विचारा. लेखी उत्तर हातात असलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

धुणीभांडी करणाऱ्या बायकांना ही वाट नाही, याचं मला फार वाईट वाटतं. त्यांनी वस्तीतल्या अंगणवाडीताईंना गाठावं. केंद्राच्या पाळणा योजनेत ६ महिने ते ६ वर्षांची मुलं सांभाळतात, पण प्रत्येक अंगणवाडीत पाळणाघर नसतं. तरी ३ वर्षांवरच्या मुलांना तिथे गरम आहार आणि बालशिक्षण मोफत मिळतं. जाताना जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड सोबत घ्या.