काळी पाचवरून काळी चारवर : पहिला अल्बम करताना

माझ्या पहिल्या अल्बमच्या रेकॉर्डिंगचा पहिला दिवस. तबलावादक काका आले, त्यांनी तबला मिळवला, इंजिनिअरने माइक लावले, आणि मी म्हणाले, "काका, काळी चारमधून गाऊ का?" त्या एका प्रश्नात आमचा अर्धा दिवस गेला.

मी अनेक वर्षं काळी पाचमधून, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पाचवी काळी पट्टी सा धरून, गात आले. घरगुती बैठका, कॅफेतले कार्यक्रम, गणपतीच्या मांडवातलं गाणं, सगळीकडे आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो, आणि वरच्या पट्टीत तो सहज पोचतो. स्टुडिओत माइक तोंडापासून वीतभर अंतरावर असतो. तिथे मागची रांगच नसते. हेडफोन लावून ध्रुवपद गायले आणि लक्षात आलं की तार षड्जाजवळ मी ओरडते आहे. गाणं होतं झोपलेल्या घरात कुणीतरी स्वतःशी बोलावं असं. एक पूर्ण स्वर खाली आल्यावर तेच शब्द जवळचे वाटायला लागले.

मला पट्टी बदलणं सोपं होतं. मी जी मेजरचा आकार धरून वाजवते, त्यामुळे गिटारवरचा कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) तिसऱ्या पडद्यावरून पहिल्यावर आणला की झालं. तबल्याचं तसं नसतं. काकांनी काळी पाचचा तबला आणला होता. हातोडीने गट्टे ठोकून त्यांनी तो काळी चारपर्यंत उतरवला खरा, पण पुडी (तबल्यावरचं कातडं) सैल पडली आणि नादातली रेंगाळणारी आस गेली. त्यांनी दोनदा ‘ना’ वाजवला, माझ्याकडे पाहिलं आणि तबला बाजूला ठेवला. काळी चारचा तबला त्यांच्या घरी होता, कात्रजला. आम्ही कोथरूडला. दोन तास जाण्यायेण्यात गेले आणि स्टुडिओचं भाडं तासावर होतं.

हे सविस्तर सांगते, कारण नव्याने अल्बम करू पाहणारे मला पहिला प्रश्न विचारतात तो माइक कोणता घ्यावा हा. माझ्या 14 महिन्यांत पैसा आणि वेळ सगळ्यात जास्त गेला तो न ठरलेल्या गोष्टींवर. पट्टी ठरलेली नव्हती, एका गाण्याचं तिसरं कडवं ठरलेलं नव्हतं, दोन गाण्यांत कडव्यांमधल्या पीसमध्ये बासरी हवी की व्हायोलिन, हेही ठरलेलं नव्हतं. स्टुडिओत बसून ठरवू, असं मला वाटायचं. तिथे ठरत नाही. समोर चार माणसं थांबलेली असतात, घड्याळ दिसत असतं, आणि माणूस पहिल्या बऱ्या वाटलेल्या गोष्टीला हो म्हणून टाकतो.

पुढच्या सहा गाण्यांसाठी पद्धत बदलली. प्रत्येक गाणं घरी फोनवर तीन पट्ट्यांमधून रेकॉर्ड केलं, बसून, हळू आवाजात, फोन तोंडाजवळ ठेवून. दोन दिवस ऐकलं नाही. मग ऐकून एक पट्टी पक्की केली. त्या पट्टीत, ठरलेल्या लयीत, फक्त गिटार आणि आवाजाचा एक स्क्रॅच, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, केला आणि तो सगळ्या वादकांना दहा दिवस आधी पाठवला. सोबत एका कागदावर पट्टी, ठेका, लय आणि कडव्यांचा क्रम. काका म्हणाले, असा कागद मिळाला की तबला घरूनच लावून निघता येतं.

लयीबद्दल थोडं. क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या ठरलेल्या लयीच्या ठोक्यांवर, रेकॉर्ड केलं की एका टेकमधलं कडवं दुसऱ्या टेकला जोडता येतं, आणि नंतर कुणी वादक आला तर त्याला धरायला काहीतरी असतं. सात वाद्यं वेगवेगळ्या दिवशी येणार असतील तर क्लिक हवीच. पण एका गाण्यात मला भजनी ठेका हवा होता, आणि क्लिकवर तो ठेका सरळसोट होऊन गेला, त्यातलं डुलणं हरवलं. ते गाणं आम्ही क्लिकशिवाय केलं, मी आणि काका एकाच खोलीत, समोरासमोर बसून. याची किंमत आधी माहीत असू द्या. तबला माझ्या माइकमध्ये येतो, गिटार त्यांच्या माइकमध्ये जाते, आणि एकाची चूक झाली की दोघांनी पुन्हा पहिल्यापासून. नऊ टेक झाले. सहावा ठेवला. त्यात दुसऱ्या अंतऱ्याला माझा श्वास ऐकू येतो आणि तो मला हवा आहे.

आता माइकसमोरच्या मराठीबद्दल. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं आणि त्यात मी पूर्ण एक दिवस घालवला. माझ्या एका गाण्याची सुरुवात ‘भर दुपारी फाटकाशी’ अशी आहे. भ आणि फ म्हणताना ओठांतून हवेचा झोत सुटतो, तो थेट माइकच्या पडद्यावर आदळतो आणि रेकॉर्डिंगमध्ये ‘धप्प’ असा आवाज येतो. पॉप फिल्टरने तो कमी झाला, गेला नाही. इंजिनिअरने सुचवलं की फ इंग्रजी एफसारखा दातांवरून म्हणा. तसं गाऊन पाहिलं. फाटक माझ्या आजोळचं राहिलं नाही, म्हणून तो मार्ग सोडला. उपाय साधा निघाला. माइक नाकाच्या उंचीवर घेऊन किंचित खाली झुकवायचा आणि तोंड त्याच्या मध्यावर न धरता बोटभर बाजूला धरायचं. हवा बाजूने निघून जाते, आवाज माइकमध्येच येतो. फिल्टर आणि तोंड यांत चार बोटांचं अंतर. माइकच्या फार जवळ गेलात तर खर्जातला घुमारा वाढतो, तो सुरुवातीला छान वाटतो, पण पुढच्या दिवशी तेच अंतर राखलं नाही तर दोन दिवसांचे टेक एकमेकांत बसत नाहीत. मी स्टँडच्या पायाशी आणि माझ्या पायांशी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवल्या.

दुसरी गोष्ट च आणि झची. ‘चांदणं’मधला च आणि ‘चिमणी’तला च वेगळे. पहिल्यात दातांमागे एक स्सकार असतो, तो बारीकसारीक आवाज टिपणाऱ्या कंडेन्सर माइकला टोचतो. मिक्सिंगमध्ये डी-एसर लावून तो दाबतात. माझं मिक्सिंग करणारा मुलगा हुशार होता, पण त्याची भाषा मराठी नव्हती. त्याने स बरोबर च आणि झसुद्धा असे दाबले की ‘माझं चांदणं’ बोबडं ऐकू यायला लागलं. त्याला ते कळणं शक्यच नव्हतं. तेव्हा मिक्स हातात आला की एकदा तरी डोळे मिटून फक्त शब्द ऐका, आणि शक्य असेल तर गाणं आधी कधीच न ऐकलेल्या मराठी माणसाला एकदाच ऐकवून शब्द लिहून द्यायला सांगा. माझ्या आत्याने लिहून दिलेल्या कागदावर तीन शब्द वेगळेच होते. तीनही ठिकाणी दुरुस्ती झाली.

सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरचं माझं मत स्पष्ट आहे. एखादा स्वर किंचित उतरला आणि बाकी टेक सुंदर असेल, तर तेवढाच हाताने उचलून घ्या, त्यात कमीपणा नाही. पण आपोआप चालणारी सेटिंग अख्ख्या गाण्यावर लावू देऊ नका. ती प्रत्येक आवाज जवळच्या स्वरावर नेऊन बसवते, त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड पायऱ्यापायऱ्यांनी तुटते आणि ओझरते लागणारे कणस्वर गायब होतात. आपल्या गाण्यात जे आहे ते बरंचसं दोन स्वरांच्या मध्येच आहे.

दोन गाण्यांचा आवाज मी घरीच रेकॉर्ड केला. कपड्यांचं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले, समोर माइकच्या मागे दोरीवर दोन गोधड्या. कापड वरच्या स्वरांचा प्रतिध्वनी चांगला शोषतं. खोलीचा खालचा घुमारा त्याने जात नाही, त्यामुळे कोपऱ्यात उभं राहू नका. रात्री अकरानंतर, पंखा बंद, फ्रिज बंद. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ. आवाजाची पातळी कमी वाटली तरी चालेल, सगळ्यात मोठी जागासुद्धा उणे 10 डेसिबलच्या आसपास राहू दे. लाल दिवा लागून फाटलेला आवाज नंतर कुणालाही शिवता येत नाही. आणि कंडेन्सर माइकला इंटरफेसवरचं, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीवरचं, 48 व्होल्टचं बटण लागतं. पहिल्या रात्री ते न दाबता मी अर्धा तास केबल बदलत बसले होते.

तबला मात्र पावसाळ्यात रेकॉर्ड करणं टाळा. दमट हवेत कातडं सैल पडून तबला उतरतो, एसीच्या कोरड्या खोलीत चढतो, आणि वादकाचा निम्मा वेळ मिळवण्यात जातो. वाद्य खोलीत आणून तासभर ठेवल्याशिवाय सुरुवात करू नका.

जुलैत एक वाईट गोष्ट घडली. ज्या स्टुडिओत आमची व्हायोलिनची सेशन्स झाली होती, तिथली हार्ड डिस्क बसली आणि दुसरी प्रत नव्हती. तीन गाण्यांचं व्हायोलिन गेलं. वादकाला पुन्हा बोलावलं, पुन्हा मानधन दिलं, आणि तिसऱ्या गाण्यातला तिने त्या दिवशी सहज वाजवलेला एक तुकडा परत काही आला नाही. तिने प्रयत्न केला, मीही तिला गुणगुणून दाखवला. तो मला आजही आठवतो. तेव्हापासून सेशन संपलं की स्वतःच्या डिस्कवर सगळं उतरवून घेतल्याशिवाय मी दाराबाहेर पडत नाही, आणि घरी गेल्यावर दुसरी प्रत करते. ही प्रत मागायला संकोच वाटतो, विशेषतः समोरचा वयाने मोठा असेल तर. तरी मागा.

खर्चाचा आकडा सगळे विचारतात. माझा 1 लाख 66 हजार झाला : स्टुडिओचे 60 तास 48 हजारांत, मिक्सिंग-मास्टरिंग 56 हजार, वादकांचं मानधन 50 हजार, मुखपृष्ठ आणि किरकोळ 12 हजार. पैसे गिटारच्या शिकवण्यांतून साठवलेले होते. मध्ये एका कंपनीने विचारलं होतं, खर्च आम्ही करतो, मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, आमच्या नावावर. मी नको म्हटलं. पैशांची गरज होती, पण स्वतःचं गाणं स्वतःलाच विचारून वापरायची वेळ येऊ नये असं वाटलं.

कागदपत्रांना घाबरू नका, पण टाळूही नका. गीत, चाल आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगळे हक्क आहेत. माझ्या दोन गाण्यांचे शब्द एका मैत्रिणीचे आहेत. गाणं रेकॉर्ड व्हायच्या आधी आम्ही एका पानावर लिहून सह्या केल्या : शब्द तिचे, चाल माझी, उत्पन्नाचा वाटा किती. मैत्रीत हे कशाला, असं तिलाही वाटलं होतं. 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानंतर गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला आपला वाटा कुणाला लिहून देऊन टाकता येत नाही. वारस आणि रॉयल्टी गोळा करणारी संस्था एवढेच अपवाद. ही गोळा करणारी संस्था म्हणजे आयपीआरएस, तिथे गीतकार आणि संगीतकार सभासद होऊ शकतात. संतांचा अभंग घेणार असाल तर शब्द मोकळे आहेत, कारण आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. पण त्या अभंगाची तुम्हाला माहीत असलेली चाल कदाचित गेल्या पन्नास वर्षांतली असेल, आणि ती मोकळी नसेल. चाल स्वतःची बांधा.

मास्टरिंगला, म्हणजे मिक्सनंतरच्या शेवटच्या टप्प्यात, आवाज मोठा करून घ्यायचा मोह होतो. स्पॉटिफाय सगळी गाणी ऐकवताना सुमारे उणे 14 एलयूएफएसवर (ऐकू येणाऱ्या आवाजाच्या मोठेपणाचं माप) आणतं, त्यामुळे दाबून मोठं केलेलं गाणं तिथे खाली उतरवलं जातं आणि आधी दाबलेलं मात्र दाबलेलंच राहतं.

प्रकाशनाच्या वेळी वितरकाच्या (गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या कंपनीच्या) फॉर्मवर प्रत्येक गाण्याला त्याची ओळख सांगणारा 12 अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक मिळतो, तो जपून लिहून ठेवा. मुखपृष्ठ 3000 बाय 3000 पिक्सेलचं. भाषेच्या रकान्यात मराठी निवडा; घाईत हिंदी पडलेली गाणी मी पाहिली आहेत. नाव रोमन लिपीत देणार असाल तर ळ कसा लिहायचा ते एकदाच ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी, मी महिनाभर हाताशी ठेवला. पैशांबद्दल आधीच माहीत असू द्या : 2024 पासून तिथे बारा महिन्यांत 1000 वेळा न ऐकलेल्या गाण्याची रॉयल्टी निघत नाही. माझ्या सातपैकी तीन गाण्यांनी तो आकडा गाठला.

त्याच फॉर्मवर वादकांची नावं भरायचे रकाने असतात. ते रिकामे सोडले तरी फॉर्म पुढे जातो, म्हणून बरेच जण सोडतात. मी सगळ्यांना फोन करून नाव कसं लिहायचं ते विचारलं. काका वीस वर्षांहून जास्त काळ रेकॉर्डिंगला वाजवतात. त्यांनी नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. मग म्हणाले, थांब, पुन्हा सांगतो, नीट लिही. लिहून झाल्यावर त्यांनी मला ते मोठ्याने वाचून दाखवायला लावलं.