घड्याळाची कुरकुर अखेर कामी आली

घरून काम सुरू झाल्यापासून खुर्ची आणि मी एकजीव झालो होतो. फोनमधलं पावलं मोजणारं ॲप उघडलं, तर दिवसाची १,८०० पावलं. त्यातली निम्मी चहाच्या फेऱ्यांची असणार.

मग मनगटावर घड्याळासारखा, पावलं मोजणारा बँड आला. १०,००० पावलांचं लक्ष्य लावलं आणि पाचव्या दिवशी नाद सोडला. (हा आकडा रूढ झाला तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या 'मानपो-केई' या पावलं मोजायच्या यंत्रामुळे, डॉक्टरांच्या चिठ्ठीतून नव्हे.) शिवाय सकाळी तासभर चालून उरलेले दहा तास बसूनच राहिलो, तर बसणं कुठे कमी झालं?

खरा उपयोग झाला तो ताशी आठवणीचा. तासात २५० पावलं झाली नाहीत, तर तास संपायला दहा मिनिटं उरताना मनगट थरथरतं. सुरुवातीला मी ते दाबून गप्प करायचो. मग आठवण फक्त १० ते ६ ठेवली आणि टेबलावरची लिटरची बाटली हलवून तिथे फुलपात्र ठेवलं. ते लगेच रिकामं होतं आणि माठ स्वयंपाकघरात! कॅमेरा बंद असलेले कॉल आता गॅलरीत, येरझाऱ्या घालत.

गंमत म्हणजे पोळ्या लाटतानाही माझा बँड पावलं मोजतो. दुकानात ट्रॉली ढकलताना मात्र नाही, हात हलत नाही ना. म्हणून एकूण आकडा सोडून मी एवढंच बघतो, आठपैकी किती तासांत उठलो. सध्या बहुतेक दिवशी सहा. परवा तीनच, जीएसटीची शेवटची तारीख होती.