व्याख्येने नको, पेचाने सुरुवात करा

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यावर ऑनलाइन धडा बनवताय? पहिल्याच स्लाइडवर व्याख्या टाकू नका. लोक एका हाताने ‘नेक्स्ट’ दाबतात, दुसऱ्या हातात चहा असतो. त्याऐवजी प्रसंग द्या. सहकारी मैत्रीण सांगते, ‘साहेब रात्री नको ते मेसेज पाठवतात. कुणाला बोलू नकोस.’ आता तुम्ही काय कराल?

पर्याय तीनच द्या, पण तिन्ही कुणीतरी मनापासून निवडेल असे हवेत. ‘दुर्लक्ष करीन’ हा पर्याय फुकट जातो, तो कोण निवडणार? ‘मीच साहेबांशी बोलतो’ हा मात्र भल्या माणसाला हमखास पटतो. खरं शिकवायचं ते तिथेच. लाल फुली मारू नका, पुढचं घडलेलं दाखवा: साहेब सावध झाले, मेसेज सगळ्यांसाठी डिलीट झाले, मैत्रीण अबोल झाली.

नियम यानंतर सांगा: स्क्रीनशॉट जपा, अंतर्गत समितीकडे (अशा तक्रारींसाठी कामाच्या ठिकाणीच नेमलेली समिती) शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार, चौकशी ९० दिवसांत.

आणि धडा एकदा मोबाइलवर, आवाज बंद ठेवून स्वतः करून पाहा. बरेच जण तो लोकलमध्येच उरकतात.